मिनिटाला एक

उधना भागातल्या मिलमध्ये कामगारांना पाळीवर बोलावणारे मेसेज धर्मेंद्रच्या कॉम्प्युटरवरून जायचे. सगळे एकदम सोडले की सिस्टिम बसायची, म्हणून त्याने मिनिटाला एकच जाईल अशी मर्यादा घातली होती.

बॉयलर फुटून अकरा जण गेले. तेरावं व्हायच्या आत शेठने मिल सुरू केली आणि धर्मेंद्रला ती नावं यादीतून काढायला लावली. त्यांत त्याचा बापही होता. नावं निघाली, पण रांगेत अडकलेले त्यांचे मेसेज पुसायचे राहिले.

दुपारी त्यांतला पहिला मेसेज गेला. लगेच गेटवरचं हजेरीचं अंगठ्याचं मशीन "थँक यू" म्हणालं. गेटवर कोणीच नव्हतं. मिनिटभराने ते पुन्हा बोललं.

"कोण आलंय रे?" शेठने केबिनमधून विचारलं.

रांगेत पुढचं नाव बापाचं होतं.

"तुमचीच माणसं, शेठ," धर्मेंद्र म्हणाला, आणि त्याने मर्यादा काढून टाकली.