वळणावरचे दोन पट्टे

अपालाचियन डोंगरांतल्या पायवाटेवर झाडावर एकाखाली एक असे दोन पांढरे पट्टे दिसले, की समजायचं, इथे वळण आहे. आणि वळणावर पुढच्यानं मागच्यासाठी थांबायचं. हे नवऱ्याला वेगळं सांगावं लागू नये.

रसेल थांबला नव्हता. पाणी सगळं त्याच्या पाठीवर होतं, आणि पेनसिल्व्हेनियातले ते मेले दगड ऑगस्टच्या उन्हात तव्यासारखे तापले होते.

"ए कासव, मी होतो पुढे. वळणावर भेट," असं म्हणून तो गेला होता. लांब पल्ल्याच्या वाटेवर प्रत्येकाला एखादं टोपणनाव चिकटतंच. मार्नीला हे त्यानंच दिलं होतं, लग्नाआधी, लाडानं.

ती दोन्ही काठ्यांवर भार टाकून उभी राहिली. सकाळीच डाव्या काठीच्या टोकाचं रबर कुठेतरी पडलं होतं. तेव्हापासून तिच्या चालण्याचा एकच आवाज येत होता: ठप, टक. ठप, टक.

आता ती उभी होती. तोच आवाज मात्र येत होता, वळणापलीकडून.

"दमलीस ना, कासव? घे, पोटभर पी," रसेल पलीकडे म्हणत होता. इतक्या मायेनं तो तिच्याशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

"रसेल!" तिनं कोरड्या घशानं हाक मारली. "अरे, मी इथे आहे! इथे!"

पलीकडच्या काठ्या थांबल्या.

"ती आली वाटतं," रसेल दबक्या आवाजात म्हणाला.

"येऊ दे," मार्नीच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं. "तू थांबू नकोस."