न वाजलेली खडखड

“छे! काहीच वाजत नाही,” उस्ताद म्हणाला आणि गाडी मुद्दाम त्याच खड्ड्यातून पुन्हा नेली.

“आत्ता वाजलं! खडखड!” शेजारी बसलेली नर्स म्हणाली. गाडी तिची होती. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड उस्तादने गेल्याच आठवड्यात बदलले होते.

नुसतं ऐकून गाडीचा बिघाड सांगतो, म्हणून त्याला सगळे उस्ताद म्हणत. त्याने ते फारच मनावर घेतलं होतं. गिऱ्हाईक तोंड उघडायला लागलं की तो हात वर करायचा. गाडी बोलत असताना माणसांनी बोलू नये, म्हणायचा.

“सिस्टर, पॅड जागेवर दाबून धरायला एक पातळ स्प्रिंग असते. ती ढिली पडली की पॅड खड्ड्यात वाजतो. ब्रेकवर पाय ठेवला की गप्प. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.”

“तेच तर सांगतेय! ब्रेक दाबला की थांबतो.”

“दिवसभर ती हॉस्पिटलमधली यंत्रं वाजत असतात तुमच्या कानाशी. होतं असं,” तो समजुतीने म्हणाला.

फाटकापाशी उंचवटा होता. तो ओलांडून गाडी गॅरेजमध्ये शिरली, तशी आत फोन घेत बसलेली त्याची बायको बाहेर आली. “अहो, केवढी खडखडतेय ही!”

दोघी मिळून आपली फिरकी घेतायत, असं त्याला क्षणभर वाटलं. तरी त्याने जॅक लावला, चाक काढलं आणि पॅडला बोट लावलं. पॅड हलला. स्प्रिंगमध्ये ताणच उरला नव्हता. ‘चालेल अजून’ म्हणून जुनी स्प्रिंग त्यानेच परत बसवली होती. वर चक्कर मारून, एकही आवाज नाही, म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

त्याने पॅड जोरात हलवला. लोखंड लोखंडावर आपटलेलं त्याला दिसलं. नर्सच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

पाना हातात धरून तो खालीच बसला. हल्ली घरातले सगळे पुटपुटतात, म्हणून तो चिडायचा. नव्या टीव्हींचा आवाजच मुळात कमी ठेवतात, असा शोधही त्याने लावला होता. आणि अशा या कानांच्या भरवशावर किती गाड्या ठणठणीत म्हणून रस्त्यावर सोडल्या? मग, काय करणार, त्याला स्वतःचंच हसू आलं.

“सिस्टर, ब्रेकचं मी बघतो,” तो म्हणाला. “कानांचं कुठे दाखवायचं?”

“उद्या सकाळी या. मी नंबर लावून ठेवते.”

नवी स्प्रिंग बसली. चक्कर मारायला तो गाडीत बसला, पण किल्ली फिरवायला हात धजेना. शेवटी त्याने बायकोला हाक मारली.

“तूही चल. मी चालवतो. तू फक्त ऐक.”

ती शेजारी येऊन बसली. “लग्न झाल्यापासून दुसरं काय केलंय मी?”

हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं.