घरची मिश्री

मिश्रीचा पत्र्याचा डबा. झाकण बोटांनी घासून पांढरं पडलेलं.

डाव्या गालाच्या आत चट्टा. रुपयाएवढा.

तिसरा मजला. लिफ्ट नाही.

खसखशीहून बारीक बी. शिंक आली तर गेलं.

मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन.

हे सगळं हडपसरच्या एकाच घरातलं, एकाच ऑक्टोबरमधलं.

"आज तपासणीत वाईट काही नाही," डॉक्टरबाई धम्मदीपच्या आईला, मथुराबाईंना म्हणाल्या. "पण मिश्री चालू राहिली तर पुढच्या वेळी मला वेगळं बोलावं लागेल. सहा महिन्यांनी या."

घरी आल्यावर आई चपला काढता काढता म्हणाली, "दुकानच्या तंबाखूत काय बी कालवत्यात. त्यानं झालं हे. बाजारची सोडते मी. पण तू घरी लाव. घरची उगवली की घरचीच भाजीन, घरचीच लावीन. तवर हात लावणार न्हाई."

"छान," पूर्वा स्वयंपाकघरातून म्हणाली. "कोथिंबीर विकत आणू आपण, तंबाखू घरची."

धम्मदीप बायकोच्या बोलण्यावर हसला नाही. आईला तो लगेच हो म्हणाला. पेरल्यापासून पान वाळेपर्यंत पाच-सहा महिने जातात, हे त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर बघून घेतलं होतं. दहाव्या वर्षापासून मिश्रीने दात घासणारी बाई आपल्याच शब्दाने सहा महिने थांबणार होती. त्याला आणखी काय हवं होतं?

तंबाखूच्या बियांची पुडी कुरिअरने आली तेव्हा त्याला पुढचं सुचलं. आई शब्दाची पक्की. थांबेन म्हणाली म्हणजे थांबेल, आणि पान हातात आलं की सुरूही करेल. मग त्या गालाचं काय?

त्याने बी बेसिनमध्ये ओतलं आणि नळ सोडला. रोपवाटिकेतून पेटुनिया या शोभेच्या फुलझाडाचं बी आणलं. दोन्ही झाडं एकाच कुळातली, बी तसंच धुळीसारखं, पानही तसंच चिकट. लोणी काळभोरच्या उसात जन्म गेलेल्या आईने तंबाखूचं झाड कधी पाहिलेलं नव्हतं. शेवटी रोग पडला म्हणून सांगायचं. तोवर सवय मोडलेली असेल.

"बी झाकायचं नाही. नुसतं भुरभुरायचं," त्याने पुडीवरून वाचून दाखवलं. पुडी खऱ्या तंबाखूची होती, आतलं बी पेटुनियाचं.

आईने नाकाला पदर लावला आणि बाल्कनीतल्या पाचही कुंड्यांत बी भुरभुरलं.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. चहा कडू लागायचा. भाजी खारट लागायची. सकाळी तोंड धुताना आईचं बोट आपोआप डब्याकडे जायचं आणि रिकाम्या पत्र्यावर वाजायचं. मग ती चूळ भरून बाल्कनीत कुंड्यांसमोर बसायची.

"कवा येणार रं ही?"

"येईल, आई."

रविवारी विहारात पंचशील म्हणताना मुसावादाच्या चौथ्या शीलाला धम्मदीपचा आवाज खाली जायचा.

"आईंचा पाचव्याला मात्र खणखणीत लागतो आता," पूर्वा म्हणाली. "इतकी वर्षं तोंडात मिश्री धरून व्यसन सोडायच्या, तेव्हा शब्द कळत नव्हते."

"तुला कळत व्हते की," आई म्हणाली. "रोज मोजत व्हतीस चिमटी."

डिसेंबरात आईने एक पान दोन बोटांत धरून पाहिलं. "ल्हान हाय की रं."

"कुंडीतली लहानच राहतात."

"मुक्ताईला इचारते. तिच्या बापाची तंबाखू व्हती निपाणीकडं."

मुक्ताई तळमजल्यावर राहायची. धम्मदीप घाईने म्हणाला, "वर बोलावू नकोस त्यांना. गुडघे दुखतात त्यांचे."

"न्हाई बोलवत. ती कशाला येती तीन जिने चढून."

आईला कळलं तर दुसऱ्याच दिवशी तो डबा भरलेला दिसेल, याची त्याला खात्री होती. फसवल्याचा राग ती दुसरा कुठे काढणार?

जानेवारीत तो ऑफिसमधून आला तेव्हा आई चष्मा लावून कुंड्यांवर वाकली होती. परातीत हिरव्या टोकांचा छोटा ढीग होता.

"हे काय करतेस?"

"कळ्या खुडते. तंबाखूच्या खुडाव्याच लागत्यात. मग पान जाड व्हतं."

"कोण म्हणालं?"

"मुक्ताई."

तो बाल्कनीच्या उंबऱ्यावरच बसला. फुलांचा विचार त्याने केलाच नव्हता. एक कळी उमलली असती तर सगळं उघडं पडलं असतं. तंबाखूवाल्यांच्या रीतीने त्याला वाचवलं होतं.

आईने त्यानंतर एकही कळी सोडली नाही. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. पानांखाली बोट घालून शोधायची. विहारात आता चौथ्या शीलाला तिचेही ओठ मिटलेले दिसायचे. गाल ठणकत असेल, असं त्याला वाटलं.

एप्रिलमध्ये डॉक्टरबाईंनी बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहिलं. चट्टा जवळजवळ गेला होता.

"सुटली म्हणायची. कशी सोडलीत?"

"ल्योकानं सोडवली," आई म्हणाली.

परतताना रिक्षात त्याने घसा साफ केला. "आई, त्या झाडांवर रोग पडलाय बहुतेक."

"पडू दे. आता कुणाला भाजायचीया."

आईने दांडीवरचा त्याचा हात थोपटला. तिला आपला चेहरा दिसू नये म्हणून तो बाहेरच्या दुकानांकडे बघत राहिला.

चोवीस डिसेंबरला दुपारी, धम्मदीप ऑफिसात असताना, मथुराबाई एक पान रुमालात गुंडाळून तीन जिने उतरल्या होत्या, आणि मुक्ताईने ते हुंगून सांगितलं होतं की ही तंबाखू नव्हे, शोभेचं झाड आहे, पंधरा दिवसांत फुलेल.