लुसीची रया गेली

"अरे, हिची हाडं लागतायत हाताला," बर्थामावशी म्हणाली आणि मांजराच्या पाठीवरून तिने पुन्हा हात फिरवला.

क्लेमेंटच्या कपाळाला आठी पडली, पण आवाज त्याने गोड ठेवला. "वय झालं, मावशी. म्हातारपणी रया जायचीच."

मांजर! एका मांजरापायी रविवारची झोप मोडून तो मनवेलपाड्याहून या गावात तडफडला होता, तेही मांडीवर वळवळणारी गोणी घेऊन. पाय मोडला म्हणून मावशी दोन महिने मुंबईच्या इस्पितळात होती, तेवढे दिवस लुसी त्याच्याकडे. जाताना मावशीने जाहीर केलं होतं, मला मूलबाळ नाही, तेव्हा जो माझ्या लुसीला सांभाळेल त्याचंच हे घर आणि मागची वाडी. तिचा दुसरा भाचा बेसिल सरळ नको म्हणाला. त्याच्या बायकोला मांजराने शिंका येतात. शिंकांपायी वाडी सोडणाऱ्याला काय म्हणावं? क्लेमेंट तेव्हा पोट धरून हसला होता.

वाडीत केळी, चिकू, बारमाही पाण्याची विहीर. बिल्डर आता इकडेही फिरकू लागले होते. आणि ती कोणाला द्यायची हे ठरवणार कोण, तर जाड भिंगांतूनही स्वतःची चप्पल न सापडणारी ही बाई. धन्य आहे, असं त्याला वाटलं.

खायला काय घालत होतास, मावशीने विचारलं. बांगडा, तो म्हणाला, कधी बोंबील, आणि रोज दूध. इझाबेल स्वतः काटे काढून भरवायची.

इझाबेलने हे ऐकलं असतं तर नवऱ्याच्या डोक्यात पातेलं घातलं असतं. आल्या आल्या लुसीने रात्रभर रडून घर डोक्यावर घेतलं होतं, पडद्यांवर मुतून ठेवलं होतं. एक तर ती राहील नाहीतर मी, इझाबेलने बजावलं. मग एका सकाळी क्लेमेंटने मनावर घेतलं आणि घर शांत झालं. नसते लाड, दुसरं काय! वालीवला त्याच्या कारखान्याच्या आवारात ढीगभर मांजरं उंदरांवर जगत होती. त्यांना कोण काटे काढून देतं?

"हाक मारली तर बघतसुद्धा नाही रे," मावशी म्हणाली.

मांजर तिच्या मांडीवरून निसटून कपाटाखाली शिरलं होतं. पांढरं अंग आत गेलं, काळी शेपटी तेवढी बाहेर राहिली. क्लेमेंटने हातावरचे ओरखडे बाहीखाली ओढून घेतले. मांजराची जातच बेइमान, दोन महिन्यांत मालकिणीला विसरते, असं त्याने समजावून सांगितलं. मावशी मान डोलवत राहिली. इतकं भोळं असावं माणसानं? त्याला तिची कीवही येईना, नुसता तिटकारा आला.

"मग मनापासून सांभाळलीस म्हणायची."

"पोटच्या पोरीसारखी."

"एक दिवसही नजरेआड केली नाहीस?"

"एक दिवससुद्धा नाही. शपथ घेऊ?" त्याने भिंतीवरच्या मारियेच्या तसबिरीकडे हात केला.

मावशीने त्याला शपथ घेऊ दिली. सावकाश, पूर्ण होईपर्यंत.

मग तिने आत हाक मारली, "जिजा, आण गं बाहेर." जिजा शेजारची. मावशी नसताना घराची किल्ली तिच्याकडे असायची, वाडीला पाणीही तीच घालायची. आता किल्ली येणार, क्लेमेंट मनात म्हणाला आणि खुर्चीत ऐसपैस रेलला.

जिजा स्वयंपाकघरातून आली. तिच्या कडेवर एक लठ्ठ पांढरं मांजर होतं, काळ्या शेपटीचं. मावशीला पाहताच त्याने उडी मारली आणि तिच्या मांडीत अंग मुडपून डोळे मिटले.

"आली तवा पायांची सालटी निघालेली बिचारीच्या," जिजा क्लेमेंटला म्हणाली. "आता बरी भरली, नाय?"