बेसिनखालची टाकी

गाडीत दोन बिछाने, दोन कप, एक बेसिन आणि आम्ही दोघं भावंडं. ताईचे उपचार नुकतेच संपले होते. साधा संसर्ग झाला तरी पुन्हा हॉस्पिटल, म्हणून हॉटेल टाळून ही घरासारखी गाडी भाड्याने घेतली. दिवसभर शहर पाहिलं आणि मुक्कामाला तळ्याकाठी आलो.

सकाळी बेसिन तुंबलं होतं. मी जाळी उचलली, तर तिच्यामागून लांब, पांढरे, बुळबुळीत केस आले. ओढावे तितके येतच राहिले.

"शी! माझ्यावर बिल फाडू नकोस हं," स्वतःच्या टकलावर हात फिरवत ताई म्हणाली.

"आधीच्या गिऱ्हाइकाचे असतील," मी म्हणालो. पण ती जाळी कालच मी ब्लीचने घासली होती.

वापरलेलं पाणी बेसिनखालच्या टाकीत साठतं. ती रिकामी करायला मी गाडीखाली वाकून तोटी सोडली. पाणी पडलंच नाही. लाळेसारखी एक जाड तार लोंबली, थांबली आणि हळूहळू परत आत गेली.

"बाळ्या, आटप की!" खिडकीतून ताई ओरडली. "इथे बेसिनमध्ये कुणीतरी चूळ भरतंय असं वाटतंय."

गॅस कालच संपला होता, त्यामुळे रात्रभर गरम पाणी नव्हतं. बाहेर थंडीने बोटं बधिर होत होती. तरी तोटीतून वाफ येत होती, थांबून थांबून.

ताईचा ताप मोजायचा थर्मामीटर माझ्या खिशात होता. मी तो तोटीत सरकवला आणि बीप होईपर्यंत नाक दाबून धरलं.

सदतीस अंश. ताप नसताना ताईचं असतं, तेवढंच.