सोवळ्यातला दाब

यंत्रात कुसुमताई आठल्यांच्या हृदयाची हुबेहूब नक्कल होती. तिच्यावर सकाळपासून शंभर वेळा शस्त्रक्रिया झाली होती आणि चौतीस वेळा ती बंद पडली होती. खऱ्या कुसुमताई डॉक्टर अन्विता खोतांसमोर पदराशी चाळा करत बसल्या होत्या.

ही बाई काहीतरी लपवतेय, असं अन्विताला वाटत होतं. गळकी झडप शिवणं सोपं होतं. पण फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला असेल, तर झडप शिवूनही हृदयाची उजवी बाजू थकून जाते. छातीवर चिकटवलेल्या चकतीने महिनाभर मोजलेला दाब दिवसभर बरा होता. रोज सकाळी सहा ते आठ मात्र तो दुपटीवर जात होता.

"सहाला काय करता? पाणी भरता? काही जड उचलता?"

"छे! पूजा आणि नैवेद्य."

"आणि ही चकती?"

कुसुमताईंनी नजर चुकवली. "सोवळ्यात प्लॅस्टिक कसं चालेल? काढून ठेवलं तर बोंबलतं मेलं. माणसाच्या अंगावरच गप्प राहतं."

"मग कुणाच्या अंगावर लावता?"

"धाकट्या जावेच्या. आत्ता खाली चहा आणायला गेलीय ना, ती ललिता. धडधाकट आहे, बसून भाजीच तर चिरत असते."

अन्विताने सकाळचे आकडे वगळले. यंत्राने पुन्हा शंभर शस्त्रक्रिया केल्या. अठ्ठ्याण्णव वेळा हृदय चालू राहिलं.

"सुटले बाई!" कुसुमताई म्हणाल्या.

अन्विता दाराकडे बघत होती. एकच जिना चढून आलेल्या ललिताने चौकटीला हात टेकला होता. "चहा आणलाय," एवढं म्हणायला तिला मध्ये थांबावं लागलं.