गोदामातलं यान

शेजारच्या खोलीतली मुलगी "मला बाहेर जाऊ द्या" म्हणत दाराशी जाऊन बसली, तेव्हा आजींनी हातातली उशी खाली ठेवली.

बाहेर म्हणजे भिंतीपलीकडे, रस्त्यावर. यान कुठे निघालंच नव्हतं. एका मोठ्या गोदामात यानासारख्या चिंचोळ्या खोल्या बांधून शेकडो माणसं ठेवली होती. हजारो लोकांना एकदम अंतराळात न्यायची यंत्रं तयार होती. इतकी माणसं एकमेकांच्या उरावर न बसता राहतील का, एवढंच बघायचं होतं. बरेचजण कंटाळून निघून गेले होते. आणखी कुणी गेलं तर सगळा बेतच गुंडाळणार, अशी कुणकुण होती.

आत नावं चालत नव्हती. छातीवर खोलीचा आकडा तेवढा. पण आजींच्या खोलीतल्या दोघा म्हाताऱ्या माणसांना पहिल्या दिवसापासून सगळे आजी-आजोबाच म्हणत.

आजींचा सगळा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेला होता. गर्दीत कुणाला रडू फुटणार, हे त्यांना पाठमोऱ्या माणसाकडे बघूनही कळायचं. त्या मुलीशेजारी जमिनीवरच टेकल्या.

"नवरा घोरतो," मुलगी म्हणाली. "तोंड फिरवावं तर भिंत."

"आमच्याकडेही तेच. वर हे पडले शिंपी. उसवलेलं दिसलं की यांचे हात शिवशिवतात. माझी शाल न विचारता रफू करून टाकली."

"मग तुमचं जमतं कसं?"

आजींनी जरा विचार केला. "फार खोलात शिरायचं नाही. दिवा चालतो का, चहात साखर किती, एवढं विचारलं की दिवस निघतो."

मुलीला डोळे पुसता पुसता हसू आलं. तेवढ्यात आजोबा दोन कप सांभाळत आले. एक मुलीला दिला, एक आजींपुढे धरला.

"आज तरी बरोबर झालाय का?"

आजींनी घोट घेतला. "झालाय."

चहा संपल्यावर मुलगी आपल्या खोलीत परत गेली.

मुदत संपून दारं उघडली त्या सकाळी मुख्य अधिकारीणबाई स्वतः आल्या. "जमलं," त्या म्हणाल्या. "आता खरं यान निघेल." त्यांनी आजी-आजोबांचे हात हातात घेतले. "आणि त्यात एक खोली तुम्हा दोघांची. पक्की."

 

रस्त्यावर ऊन होतं. दोघांच्याही पिशव्या आजोबांनीच घेतल्या होत्या. थांब्यावर आजींची बस आली, उभी राहिली, निघूनही गेली. आजी चढल्या नाहीत.

"आत घेतलं त्या दिवशी दारावर एकट्या माणसांना परत पाठवत होते, म्हणून मी तुमच्या शेजारी येऊन उभा राहिलो," आजोबा हळूच म्हणाले. "तुमचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं."